बिनवाफ्याच्या पट्ट्यांबद्दल अण्णांना पत्र

ती. अण्णांना साष्टांग नमस्कार.

माझी मृदाशास्त्रातली एमएस्सी पूर्ण झाली. प्रबंधात आभाराचं एक पान असतं. तेही इंग्रजीत, आणि त्यात तुमच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली. तेवढ्यावर माझं समाधान नाही, म्हणून हे पत्र मराठीत आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय.

विषय तुम्हाला तोंडपाठ आहे. रब्बी ज्वारीच्या रानात पावसाळ्यात बंदिस्त वाफे, म्हणजे पाणी अडवायला चारी बाजूंनी बांध घातलेले चौकोन केले, तर काळ्या जमिनीत ओल किती खोल मुरते आणि किती टिकते, हे मोजायचं होतं. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे, वाफ्यांची शिफारसही जुनीच. मला ती संशोधन केंद्राच्या कुंपणाबाहेर, मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याच्या रानात तपासायची होती. त्यासाठी वाफ्यांच्या शेजारी बिनवाफ्याचे पट्टेही हवे होते. त्या पट्ट्यांतून पाणी वाहून जाणार, तिथली ज्वारी कमी भरणार, हे पेरणीआधीच दिसत होतं. बऱ्याच जणांनी नकार दिला आणि त्यांचं काही चुकलं नाही. दाणा घरात लागतो, कडब्यावर जनावरं जगतात. तुम्ही मात्र जरा वेळ गप्प राहून म्हणालात, "ते पट्टं नसलं तर तुलना कशाशी करणार तू?" आणि रान दिलंत.

मग चिठ्ठ्या टाकायचा दिवस आला. खोलगट अंगाला मुळातच ओल जास्त धरते, म्हणून कुठला पट्टा कुठे हे आपण ठरवायचं नाही, नशिबावर सोडायचं. संख्याशास्त्रज्ञ फिशरनं घालून दिलेला हा नियम मी वर्गात शिकले होते. तुमच्या नातवानं स्टीलच्या डब्यातून एकेक चिठ्ठी काढली, तुम्ही खुंट्या ठोकत गेलात. रानातला सगळ्यात भारी तुकडा नेमका बिनवाफ्याला गेला. मावशी हळहळल्या. तुम्ही खुंटी तिथेच ठोकलीत.

पुढचं काम जास्त कठीण होतं, असं मला आज वाटतं. ज्वारीचं एकच मालदांडी वाण, एकाच दिवशी पेरणी, आणि कोळपण्याही सगळीकडे सारख्याच. "एक कोळपणी अर्धं पाणी" हे सगळेच म्हणतात. पण जिथे पीक कमी येणार हे माहीत आहे, तिथेही भेगा बुजेपर्यंत दातेरी कोळपं तितक्याच निगुतीनं चालवायचं, याला मन मोठं लागतं. तुम्ही तिथे हात आखडता घेतला असतात, तर फरक वाफ्यांचा की कोळपणीचा, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

ऑगरनं, म्हणजे जमिनीत फिरवून खोलवरची माती काढायच्या गिरमिटानं, ९० सेंमीपर्यंतची माती काढली की तुम्ही आधी ती मुठीत दाबून बघायचात. मी ती डब्यांत भरून, झाकणं घट्ट लावून वजन करायची, मग ती माती ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास. घटलेलं वजन म्हणजे ओल. नमुने घेण्याआधीच तुम्ही सांगितलं होतंत, की ओढ्याकडच्या बाजूला खाली चुनखडीचे खडे आहेत. खडा वजन वाढवतो पण पाणी फारसं धरत नाही, त्यामुळे ओलीचा आकडा खाली येतो. ते नमुने मी वेगळे नोंदवले. सरांनी तोंडी परीक्षेत नेमका त्यावरच प्रश्न विचारला.

आणि पावसाची वही! रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाचं माप, तारखेसमोर आकडा. पाऊस नसेल त्या दिवशी तुम्ही ठळक शून्य लिहायचात. जागा कोरी असली तर पाऊस पडला नाही की नोंद राहिली, हे ओळखता येत नाही, आणि हवामानाच्या आकड्यांत अशा कोऱ्या जागांनी मोठा घोळ होतो. १ मिमी पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी, हे कळल्यावर तुम्ही समासात लिटरचे हिशेबही मांडायला लागलात. सप्टेंबरातला मोठा पाऊस वाफ्यांत खालच्या थरापर्यंत उतरला आणि दाणे भरताना पिकाच्या कामी आला. हे मी ठामपणे लिहू शकले ते त्या वहीमुळे.

अण्णा, वही घेऊन येतेय, तिची झेरॉक्स विभागात ठेवली आहे. येत्या रब्बीला माझ्या मागची एक मुलगी नत्राच्या प्रयोगासाठी तुम्हाला विचारणार आहे. हो म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. हो म्हणालात तर तुलनेच्या पट्ट्यात कमी आलेल्या ज्वारीची आणि कडब्याची भरपाई तिच्या अंदाजपत्रकात आधीच लिहून घ्या. माझ्या वेळी तशी तरतूद नव्हती, तुम्हीही कधी विषय काढला नाहीत. या वेळी तिच्याबरोबर मीही येईन आणि तो आकडा तुमच्यासमोरच मांडू.

मावशींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुमची,
ओलीचे डबे घेऊन येणारी