सिकाडांचा आवाज आणि ताटातले किडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वळवाचे एक-दोन पाऊस झाले आणि मोठ्या झाडांवर सिकाडा नावाच्या किड्यांनी सूर धरला. ऊन तापलं की दाट झाडीखाली शेजारच्या माणसाशीही मोठ्यानं बोलावं लागतं. राधानगरी, दाजीपूर, आंबा घाट या बाजूला जाणाऱ्यांना हा आवाज ओळखीचा आहे. पण आमच्या भागातल्या एका सोसायटीनं तो बंद करण्यासाठी झाडांवर औषध मारायचं ठरवल्याचं समजलं आणि राहवलं नाही. कृपा करून ही फवारणी करू नका, एवढी विनंती या पत्रातून करायची आहे.

आवाज काढतो तो फक्त नर. त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना शिरा असलेला एकेक ताठ पडदा असतो. आतला स्नायू तो पडदा ओढतो आणि सोडतो. डब्याचं पत्र्याचं झाकण अंगठ्यानं दाबून सोडलं की टक् होतं ना, तसाच आवाज सेकंदाला शेकडो वेळा होतो, आणि पोट बरंचसं पोकळ असल्यामुळं तो घुमतो. ही सगळी धडपड मादीला बोलावण्यासाठी. प्रौढ सिकाडा जगतो जेमतेम काही आठवडे. पाऊस नीट लागला की आवाज आपोआप ओसरतो. म्हणजे औषधाचा खर्च करून आपण मिळवणार काय, तर थोड्या दिवसांची शांतता. आणि तेच विषारी किडे कोतवाल, साळुंक्या, सरडे यांच्या पोटात जाणार.

आमच्या सकाळच्या कट्ट्यावर हा विषय निघाला तेव्हा शेती करणारे अण्णा लगेच म्हणाले, "जमिनीतनं येतंय न्हवं? मग ही हुमणीच की!" शंका रास्त होती. हुमणीनं, म्हणजे जमिनीतल्या भुंगेऱ्याच्या अळीनं, उसाच्या मुळ्या खाल्ल्या की उभा फड वाळतो, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. वळवानंतर कडुलिंब-बाभळीवर जमणारे तिचे भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकावेच लागतात. पण सिकाडाला कुरतडायला तोंडच नसतं, असते ती सुईसारखी सोंड. पिल्लू जमिनीखाली काही वर्षं मुळांतलं पाणी शोषत राहतं, प्रौढ किडा वर फांदीतलं. हे पाणी इतकं पातळ असतं की पोट भरायला भरपूर प्यावं लागतं आणि तितकंच बाहेर टाकावं लागतं. कोरड्या दिवशी झाडाखाली अंगावर तुषार पडतात, ते हेच. मादी अंडी घालताना कोवळ्या डहाळ्यांना चिरा पाडते, त्याचा थोडा त्रास नव्या रोपांना होऊ शकतो. तिथं जाळी बांधावी. मोठ्या झाडाला त्याचं काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी खोडाला चिकटलेली सिकाडाची एक कात काढून नेली. तपकिरी, कागदासारखी हलकी, पाठीवर उभी चीर, पुढचे पाय माती उकरायला जाड आणि दातेरी. चिरेतून पांढरे बारीक धागे लोंबत होते. किड्याच्या श्वासनलिकांचं आतलं अस्तर कातेबरोबर निघून येतं, ते हे धागे. डोळ्यांच्या जागेचा पारदर्शक फुगवटासुद्धा तसाच शाबूत होता. ती हातात घेतल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. नातवाला दाखवतो म्हणून रुमालात गुंडाळून घेऊन गेले.

मग गाडी खाण्यावर आली. मेघालयातल्या री-भोई जिल्ह्यात एक सिकाडा दर चार वर्षांनी, बरोबर फुटबॉलच्या विश्वचषकाच्या वर्षी जमिनीतून वर येतो. तिथले लोक त्याला निआंगतासेर म्हणतात, रात्री दिवे घेऊन जंगलात जातात, गोळा करतात आणि आवडीनं खातात. २०१३ साली त्याची नवी प्रजाती म्हणून शास्त्रीय नोंद झाली, नावातही री-भोई आहे. फुटबॉलवेड्या कोल्हापूरला हे ठाऊक असायलाच हवं! अमेरिकेत तर काही सिकाडा १३ आणि काही १७ वर्षांनी येतात. २०२४ मध्ये तिथं दोन्हींचे मोठे समूह एकाच वर्षी निघाले. त्याच दोन समूहांची याआधीची गाठ १८०३ ची. तिथंही हौशी लोक ते तळून खातात.

"किडं कोण खातंय व्हय?" अण्णांनी तोंड वाकडं केलं. त्यावर कट्ट्यावरचेच तात्या म्हणाले, "आणि पावसाळ्यात खेकड्याचा रस्सा कोण हाणतंय?" तात्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. खेकडा, कोळंबी आणि किडे हे सगळे सांधेदार पायांचे, कवचधारी, एकाच मोठ्या कुळातले. म्हणूनच ज्यांना कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी आहे त्यांनी सिकाडा खाऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२१ मध्ये दिला होता. छत्तीसगडमधल्या बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चापडा चटणी खातात. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालात जगभर १९०० हून अधिक प्रकारचे कीटक खाल्ले जात असल्याची नोंद आहे. आपण इथं सिकाडा खावेत असं मी म्हणत नाही. शहरातल्या झाडावर काय फवारलंय ते कळत नाही, तेव्हा खाऊच नयेत. पण शिकायला किंवा कामाला आपल्या गावात आलेल्या ईशान्येच्या मुलांना "तुम्ही किडे खाता का" म्हणून हिणवणं मी ऐकलं आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांना पाककृती विचारावी, आपला तांबडा-पांढरा पुढं करावा. गप्पा तिथूनच सुरू होतात.

फवारणीपेक्षाही मोठं संकट झाडांच्या बुंध्याशी आहे. पेव्हिंग ब्लॉक आणि काँक्रीट थेट खोडाला भिडवलं की डहाळीवरून खाली पडलेल्या पिल्लाला आत शिरायला जागा नाही आणि वर्षानुवर्षं आत वाढलेल्याला बाहेर यायला वाट नाही. झाडालाही पाणी मिळत नाही ते वेगळंच. महापालिकेनं आणि सोसायट्यांनी प्रत्येक बुंध्याभोवती मातीचं आळं मोकळं ठेवावं.

आणि संपादक महोदय, आपल्याला एक सुचवायचं आहे. भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा, शहरातल्या पेठा, जिथं जिथं आपला अंक जातो तिथल्या वाचकांनी यंदा सिकाडा पहिल्यांदा कधी ऐकला, त्याची तारीख आणि झाडाचं नाव कळवावं, आणि आपण ते दर आठवड्याला छोट्या चौकटीत छापावं. आमच्या कट्ट्याची नोंद पहिल्याच टपालानं पाठवतो.

आपला,
एक नियमित वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर