बंद दगडखाणींत झाडांआधी गवत लावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा जवळ आला की नवी मुंबईत वृक्षारोपणाचे फलक झळकू लागतात, आणि त्यातील काही कार्यक्रम पारसिक डोंगराच्या पायथ्याशी बंद पडलेल्या दगडखाणींत होतात. तीन वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात मीही दहा-बारा रोपे लावली होती. खाणीच्या तळावर दोन डंपर तांबडी माती पसरलेली होती आणि तीत गुलमोहर, सोनमोहर व गिरिपुष्प यांची रोपे रांगेने उभी केली होती. जुलैच्या मध्यास गेलो, तेव्हा निम्मीअधिक माती वाहून गेली होती, आणि पुढच्या मार्चमध्ये पाहिले तर टेकूसाठी रोवलेल्या बांबूच्या काठ्या तेवढ्या शाबूत होत्या. जगली ती गिरिपुष्पाची चार रोपे. आयोजकांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही, कारण फावडे माझ्याही हातात होते. परंतु खाणीला आपण बागेचा वाफा समजलो, हे मान्य करायला हवे.

पारसिकचा डोंगर दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्याच्या उतारावरची माती म्हणजे हा खडक झिजून आणि वर्षानुवर्षांचे गवत व पाचोळा कुजून साठलेला, जेमतेम वीत-दोन वीत जाडीचा थर असतो. खाण सुरू करताना सर्वांत आधी खरवडला जातो तो हाच थर, आणि त्याच्याबरोबर त्यातले बियाणे, कंदमुळे, गांडुळे, बुरशी हे सगळेच जाते. मागे उरतो सुरुंगांनी तडकलेला कडा आणि डंपरच्या चाकांखाली दबून घट्ट झालेला तळ. आपल्याकडे वर्षाला दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण तो चार महिन्यांत पडून वाहून जातो आणि ऑक्टोबरनंतर तोच तळ तव्यासारखा तापतो. अशा जागी बाहेरून आणलेली माती धरून ठेवायला काहीच नसते, कारण ते काम मुळांचे आहे आणि मुळे अजून यायची असतात.

म्हणून सुरुवात गवतापासून व्हावी, असे माझे म्हणणे आहे. कुसळी आणि मारवेल यांसारख्या आपल्या डोंगरांवरच्या गवतांची मुळे तंतुमय असतात, ती मुरमाचे कण बांधून ठेवतात, आणि त्यांचा वाळलेला पाला दरवर्षी कुजून थोडी थोडी माती तयार होते. त्या गवतात पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत तेरडा, कुरडू आणि कवला आपोआप डोकावू लागतात. त्यानंतर धायटी, मुरुडशेंग, कुडा आणि करवंद यांच्या झुडपांना जागा मिळते, आणि त्यांच्या आडोशाने पांगारा, काटेसावर, मोई, खैर व बहावा यांची झाडे उभी राहू शकतात. पांगारा आणि मोई यांच्या दोन-तीन हात लांबीच्या फांद्या पावसाच्या तोंडावर रोवल्या तरी जगतात, हे कुंपण घालणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्यासाठी रोपवाटिकेच्या पिशवीचीही गरज नाही. कड्याच्या भेगांत तर आपण काही लावण्याचेही कारण नाही, कारण पायर, पिंपळ आणि उंबर यांचे बी तेथे पक्षी नेऊन टाकतात. आपण फक्त त्या भेगांवर सिमेंट थापू नये.

गवताचा आग्रह माझ्या एकट्याचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेत असा आदेश दिला की, खाणकाम संपल्यावर खाणपट्टाधारकाने त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चारा व इतर वनस्पतींच्या वाढीला योग्य अशा स्थितीत आणावी आणि ही अट खाणपट्ट्यातच घालावी. त्याच महिन्यात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरण मंजुरीसाठी ही अट लागू केली. पारसिकच्या जुन्या दगडखाणींना ती किती बांधते, हा वकिलांचा विषय आहे. मात्र न्यायालयाने निवडलेला शब्द 'गवत' हा आहे आणि आपल्या फलकांवर केवळ 'वृक्ष' असतो, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो.

या बाबतीत जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याखालील राव जोधा उद्यानाचे उदाहरण फार बोलके आहे. तेथील खडकही ज्वालामुखीचाच, आपल्याहून कितीतरी जुना, आणि त्यावर परदेशी वेड्या बाभळीने ठाण मांडलेले होते. निसर्ग अभ्यासक प्रदीप कृष्ण यांनी २००६ मध्ये काम हाती घेतले, तेव्हा बाभळीची मुळे खडकातून काढायची कशी हा मोठा प्रश्न होता. तो सोडवला खंडवालिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या दगडाच्या खाणीत काम केलेल्या लोकांनी. हातोड्याच्या ठोक्याचा आवाज ऐकून खडक कोठे पोकळ किंवा भेगाळलेला आहे हे ते ओळखत, आणि त्यांनी खणून काढलेल्या खड्ड्यांतच पुढे मारवाडच्या खडकाळ भागातील स्थानिक झाडे लावली गेली. तुर्भे आणि नेरुळच्या वस्त्यांतही खाणीत हयात घालवलेली माणसे राहतात. कुठल्या कड्यात भेग कोठे आहे, पाणी कोठून झिरपते आणि मुरूम कोठे दडला आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? परंतु लागवडीचा आराखडा करताना त्यांना कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

गुरुग्रामचे अरवली जैवविविधता उद्यानही पूर्वी खाणींनी पोखरलेल्या जमिनीवर उभे आहे. तेथे २०१० पासून महापालिका आणि नागरिकांनी शिल्लक राहिलेल्या अरवलीच्या जंगलातून बी गोळा करून, स्वतःची रोपवाटिका उभारून लागवड केली. आपल्याला एवढ्यासाठी लांब जावे लागणार नाही, कारण ठाण्याचे येऊरचे जंगल हाकेच्या अंतरावर आहे. वन विभागाच्या परवानगीने बी गोळा करण्याचे काम येऊर आणि परिसरातील वारली, ठाकूर व कातकरी कुटुंबांना रीतसर मजुरी देऊन सोपवता येईल. कातकऱ्यांचे तर नावच खैराच्या कातावरून पडले आहे.

गिरिपुष्पाबद्दल अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, की शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते उपयोगाचे आहे. परंतु मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड डोंगरावर दाटी करते, आणि 'जगते' एवढ्या एकाच गुणावर त्याला दरवर्षी पसंती मिळते. याचे मूळ निविदेत आहे. किती रोपे लावली यावर देयक निघत असेल, तर ठेकेदार स्वस्त आणि चिवट रोपच आणणार. देयक पाच वर्षांत विभागून, किती स्थानिक जाती तगल्या आणि किती जमीन गवताखाली आली, यावर द्यावे. शिवाय काही बियांना कार्यालयीन वेळापत्रक मुळीच मानवत नाही. येऊरची कारवी आठ वर्षांतून एकदा, यापूर्वी २०२४ मध्ये फुलली. म्हणजे तिचे बी पुढच्या वेळी हवे असेल, तर २०३२ ची तयारी ठेवावी लागेल.

दोन कामे मात्र लगेच करता येतील. पहिले म्हणजे रस्ते आणि इमारतींसाठी जेथे डोंगरउतार कापला जातो, तेथील वरचा मातीचा थर बाजूला काढून ताजा असतानाच जवळच्या खाणीत पसरावा. ढीग करून दोन-तीन वर्षे ठेवला, तर त्यातले बहुतेक बी मरते. दुसरे म्हणजे या खाणींत रात्री रिकामा होणारा राडारोडा थांबवावा. त्यातील सिमेंट आणि चुन्यामुळे जमीन अल्कधर्मी होते, आणि मग तेथे आपल्या डोंगरावरची झाडे लावून उपयोग होत नाही. पाणी साठलेल्या खाणींना कुंपण घालावे, हे वेगळे सांगायला नको. त्या बुजवू मात्र नयेत, कारण त्यांच्या कड्यांत घुबडे आणि पाकोळ्या वस्ती करतात.

पारसिकच्या उतारावरचे गवत कार्तिक-मार्गशीर्षात पिकते आणि फेब्रुवारीपासून तेथे वणवे लागू लागतात. महापालिकेच्या उद्यान विभागाने आणि वन विभागाने या वर्षी त्या दोन-तीन महिन्यांच्या सवडीत बी गोळा करून घ्यावे आणि पुढच्या जूनमध्ये निदान एका खाणीत रोपांऐवजी ते पेरून पाहावे, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रातून करतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई