पुरुमेंत भरला, आता आपत्कालीन पिशवीही भरूया : ग्रामस्थांना मंडळाचे आवाहन

सर्व ग्रामस्थ, महिला मंडळाच्या भगिनी आणि नोकरीधंद्यानिमित्त पणजी, वास्को, मुंबई व आखातात असलेले आपले गावकर यांना सप्रेम नमस्कार.

घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, धावपळ चालू आहे. मिरच्या वाळल्या, सोले झाली, कांद्याच्या माळा खुंटीला लागल्या. चार महिन्यांची बेगमी करायला आपल्याला कोणी शिकवायला नको. पण ती घरात राहणाऱ्यासाठी. घर सोडून शाळेत जाऊन बसायची पाळी आली की हातात काय असते? २३ जुलै २०२१ रोजी म्हादई नदी चढली तेव्हा बहुतेक जण अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले होते.

त्या वेळी ज्यांनी गावाला सांभाळले त्यांचे उपकार मंडळ विसरलेले नाही. महिला मंडळाने शाळेच्या पडवीत तीन दिवस चूल विझू दिली नाही. पाववाले पोदेरभाऊ गुडघाभर पाण्यातून उंड्यांचा (पावांचा) पाटलो, म्हणजे टोपली, डोक्यावर घेऊन आले आणि पैसे घ्यायला तयार झाले नाहीत. टेम्पोवाल्या आपल्या मुलांनी म्हाताऱ्यामाणसांना उचलून आणले. आखातातल्या मंडळींनी महिन्याभरात पैसे जमवून पाठवले, त्यातूनच २०२२ साली नदीकाठच्या ६४ पैकी ४० घरांना आपत्कालीन पिशव्या देता आल्या. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी प्रत्येक पिशवीवर घराचे नाव स्वतः धाग्याने काढले. हे काम गावाने गावासाठी केले, याचा आम्हाला अभिमान आहे.

म्हणूनच गेल्या वर्षीचा अनुभव मनाला लागला. हेच पत्रक दारोदार वाटले आणि नऊ घरांनी प्रतिसाद दिला. काल्याला, नाटकाला, चवथीला आपण कधी हात आखडता घेत नाही. ‘आमच्या दारात पाणी येत नाही’ असे काहींनी सांगितले. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पाणी कुठेच चढले नव्हते, तरी झाडे तारांवर पडून वीज गेली, पंप बंद पडले आणि डोंगरावरच्या वाड्यांचे नळही कोरडे राहिले.

जुन्या पिशव्या उघडून पाहिल्या तेव्हा काय बिघडते ते कळले. टॉर्चमध्येच ठेवलेले सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरट हिरवी पूड धरली होती, म्हणून सेल वेगळे, टेप गुंडाळून ठेवा. झेरॉक्सची शाई प्लास्टिकला चिकटून आधार कार्ड वाचता येत नव्हते, तेव्हा दोन्ही बाजूंना कोरा कागद घालूनच पाकीट बंद करा. आधार, रेशन कार्ड, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, घरपट्टीची पावती, बँक पासबुकाचे पहिले पान, एवढे पुरे. पॉवर बँक दर तीन महिन्यांनी चार्ज केली नाही तर ऐनवेळी मेलेली निघते. काडेपेटी घट्ट झाकणाच्या डब्यात हवी. मेणबत्त्या आम्ही मुद्दाम देत नाही, सिलिंडर उलटून गॅस सुटलेला असला तर एक ठिणगी पुरते.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला ३ लिटर, तीन दिवसांचा. चौघांच्या घराला ३६ लिटर होतात, एवढे उचलून नेता येत नाही. पिशवीत प्रत्येकाची एक बाटली, बाकीचे कॅनमध्ये, फळीवर. रसायनाचे जुने कॅन कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्याला चालत नाहीत. क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावर लिहिलेल्या मापानेच टाका, अर्धा तास थांबा. गढूळ पाणी आधी कापडातून गाळा, नाहीतर क्लोरीन गाळावरच खर्च होतो. ओआरएसचे अख्खे पाकीट १ लिटर पाण्यात, २४ तासांनी उरलेले ओतून द्या.

खायला फोव (पोहे), भाजके चणे, गूळ, खजूर : चूल लागत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या सात दिवसांच्या. इन्सुलिनवाल्यांनी थर्मास तयार ठेवावा, पण कुपी बर्फाला टेकू देऊ नये. गोठलेले औषध निकामी होते. शिवाय शिट्टी, दहा मीटर दोरी, सॅनिटरी पॅड, चष्म्याची जुनी जोडी, छोटा रेडिओ, सुटे पैसे.

पिशवी माळ्यावर टाकू नका. दाराजवळ, छातीच्या उंचीवर खिळ्याला टांगा. निघताना मेन स्विच कोरड्या हाताने बंद करा, रेग्युलेटर काढा आणि सिलिंडर बांधा, कारण पाण्यात तो तरंगतो. मातीच्या घरांत पाणी ओसरले म्हणून लगेच शिरू नका. भिजलेली भिंत पाणी उतरल्यावरही कोसळते.

हवे आहे ते असे : नव्या २४ पिशव्या, प्रत्येकी ₹१,१००, जुन्या ४० पिशव्यांतले सामान बदलायला प्रत्येकी ₹२५०. एकूण ₹३६,४००. हातात ₹९,००० आहेत, ₹२७,४०० कमी पडतात. वस्तूही चालतील, मात्र औषधे व खाण्याच्या जिनसांची मुदत निदान डिसेंबरपर्यंत असावी. वापरलेले सेल व उघडी पाकिटे नकोत. रोख रक्कम फक्त खजिनदारांकडे, पावती घेऊनच. पिशव्या भरायला दहा जोडी हात हवेत : रविवार, २४ मे, सकाळी १० ते १, देवळाचा मंडप. येताना कात्री, टेप आणि घरातली जुनी पिशवी आणावी. रात्रीबेरात्री अडचण आली तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

आपला,
चिटणीस, कार्यकारी मंडळाच्या वतीने