विषबाधेची नोंद अर्धवट, मग आकडे कसे खरे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कपाशीवर फवारणी जोरात सुरू झाली की ग्रामीण रुग्णालयांत बाधेचे रुग्ण येऊ लागतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. तेव्हापासून या आकड्यांवर बरीच चर्चा झाली, पण आकडे निघतात त्या केस पेपरकडे कोणी पाहत नाही.

त्यावर बहुतेकदा 'ओपी पॉयझनिंग' (ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशक-गटाची विषबाधा) एवढेच लिहिलेले असते. औषध पोटात गेले की फवारताना अंगात भिनले, याचा पत्ता नाही. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीप्रमाणे कीटकनाशकाची अपघाताने झालेली बाधा एक्स-४८, जाणूनबुजून घेतलेले विष एक्स-६८ आणि हेतू कळत नसेल तर वाय-१८. प्रकरण एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचे, म्हणून 'ते पोलीस बघतील' असे म्हणत हेतूचा रकाना कोरा सोडला जातो. मग संगणकावर नोंद करणारा ऑपरेटर हाताला बसलेला कोड टाकून मोकळा होतो. गोपीनाथ मुंडे अपघात अनुदान योजनेत फवारणीच्या विषबाधेने मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. आत्महत्या त्यात बसत नाही. कोरा रकाना घरच्यांना असा भोवू शकतो.

'ओपी' हा शब्दही सरसकट वापरला जातो. ऑरगॅनोफॉस्फेट टी-६०.० या कोडमध्ये येते, पॅराक्वाटसारखे तणनाशक टी-६०.३ मध्ये. पहिल्यावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन चालते, दुसऱ्यावर उताराच नाही. दोन्ही एकाच नावाखाली गेल्यावर अ‍ॅट्रोपिनचा साठा कशावरून मागवायचा?

शिवाय रेफरचा घोळ आहेच. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, मेडिकल कॉलेज असा फिरलेला एक रुग्ण तीन ठिकाणी नवा म्हणून मोजला जातो. मृत्यूच्या प्रमाणपत्रात, म्हणजे नमुना ४ मध्ये, कारण म्हणून 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' (हृदय व श्वास बंद पडणे) एवढेच लिहिले की विषाचे नावच गायब.

आता हाच डेटा संगणकाला देऊन रुग्णांची वर्गवारी करून घ्यायची भाषा ऐकू येते. तो ऑपरेटरची सवय तेवढी शिकेल.

यावर खर्च फारसा नाही. नातेवाइकांना रिकामा डबा आणायला सांगून लेबलचा फोटो काढावा; घटकाचे नाव आणि विषारीपणा दाखवणाऱ्या त्रिकोणाचा रंग (लाल, पिवळा, निळा की हिरवा) केस पेपरवर लिहावा. पंपात दोन-तीन औषधे एकत्र केली असतील तर सगळी लिहावीत. विष कोणत्या वाटेने गेले, केव्हा, आणि हे सांगितले कोणी, हेही हवे. डिस्चार्जच्या दिवशी अंतिम निदान लिहून मगच कोड भरावा. रेफर चिठ्ठीवर पहिल्या दवाखान्याचा नोंदणी क्रमांक टाकावा आणि पुढच्यांनी तोच उतरवून घ्यावा.

– रुग्णालयीन नोंदी सांभाळणारे काही कर्मचारी, जि. यवतमाळ