रास का घसरते, हाही भौतिकशास्त्राचाच प्रश्न

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांची रचना बदलली आहे आणि जे विद्यार्थी संशोधनासह चार वर्षांची पदवी निवडतील, त्यांना चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प करावा लागणार आहे. तालुक्याच्या ठिकाणी भौतिकशास्त्र शिकवणारे माझे तरुण सहकारी काळजीने विचारतात, की प्रयोगशाळेत जुने वर्णपटमापी आणि चार-दोन मीटरपट्ट्यांपलीकडे काही नसताना संशोधनाचा विषय द्यायचा तरी कोणता? तीन दशके हा विषय शिकवून निवृत्त झालेला शिक्षक म्हणून या प्रश्नाला माझे उत्तर आहे, आणि ते आपल्या वाचकांपुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. वाळू, माती, धान्य, साखर, सिमेंट, औषधाची भुकटी अशा सुट्या दाण्यांनी बनलेल्या पदार्थांचे भौतिकशास्त्र हा तो विषय. तो जगातील उत्तमोत्तम शास्त्रज्ञांनी हाताळलेला आहे, अजून निम्माही सुटलेला नाही आणि त्याची सामग्री आपल्या कोठारात पडून आहे.

एक दाणा घेतला तर तो साधा घन पदार्थ असतो. लाखभर दाणे एकत्र आले की मात्र ते कधी घनासारखे उभे राहतात, कधी द्रवासारखे वाहतात, आणि त्यांपैकी कोणत्या वेळी काय होईल हे सांगणारे सर्वमान्य समीकरण आजही हाती नाही. पाण्याच्या टाकीच्या तळावरचा दाब पाण्याच्या उंचीप्रमाणे वाढत जातो. धान्याच्या कणगीत तसे होत नाही. दाणे एकमेकांना आणि भिंतीला रेटतात, घर्षणामुळे वरचा भार भिंतीकडे वळतो आणि उंची रुंदीच्या काही पटींपलीकडे गेली की तळावरचा दाब जवळजवळ वाढायचाच थांबतो. जर्मन अभियंता यान्सेन याने १८९५ मध्ये धान्यकोठ्यांवर प्रयोग करून हे दाखवले. कणगीच्या कुडाला बाहेरून बांधणी का लागते, याचे कारण त्याच्या गणितात आहे. गिरणीच्या हॉपरमधून धान्य शेवटपर्यंत एकाच वेगाने पडते आणि वाळूचे घड्याळ विश्वासाने वेळ दाखवते, त्याचेही मूळ दाण्यांच्या अशाच वेगळ्या स्वभावात आहे. घागरीच्या तळाला भोक पाडले तर पाण्याची धार मात्र पातळी उतरेल तशी मंदावत जाते.

आपल्या घरातील स्त्रिया सुपात धान्य घोळून खडे वेगळे करतात, चिवड्याचा डबा चार दिवस हाताळला की शेंगदाणे वर येतात आणि मसाला तळाशी बसतो, हे आपण रोज पाहतो. हलवल्यावर दाणे मिसळण्याऐवजी आकाराप्रमाणे वेगळे होतात, आणि औषधनिर्मितीत हीच डोकेदुखी ठरते, कारण भुकटी अशी वेगळी झाली तर एका गोळीत औषध जास्त आणि दुसरीत कमी जाऊ शकते. मुंबईच्या आयआयटीत देवांग खखर यांनी दाण्यांच्या मिसळण्यावर आणि वेगळे होण्यावर केलेले काम जगभर संदर्भासाठी घेतले जाते. मराठीत तर या विज्ञानाची परिभाषाही अर्धीमुर्धी तयार आहे. माप शिगोशीग भरणे म्हणजे दाणे आपल्या घर्षणाच्या बळावर जेवढा उतार पेलतात तेवढा पेलू देणे. माप ठोकून भरणे म्हणजे त्यांच्यामधील पोकळी कमी करणे. सारख्या आकाराचे गोल दाणे कसेही ओतून ठोकले तरी ते जागेच्या सुमारे ६४ टक्क्यांहून अधिक भाग व्यापत नाहीत, ही गोष्ट प्रयोगांनी आणि संगणकाने वारंवार दिसून आली आहे, पण ती नेमकी कशामुळे यावर अजून वाद चालू आहेत.

आता राशीकडे येतो. १९८७ मध्ये पेर बाक, चाओ टांग आणि कर्ट विझेनफेल्ड या तिघांनी अशी कल्पना मांडली, की वाळूच्या ढिगावर एकेक कण टाकत गेले तर ढीग आपला आपण घसरण्याच्या काठावर येऊन राहतो आणि पुढच्या एका कणाने दोन कण घसरतील की अर्धा ढीग, हे सांगता येत नाही. लहान घसरणी पुष्कळ, मोठ्या थोड्या, आणि त्यांच्या प्रमाणाला एक गणिती नियम. या प्रतिमानाचे गणित पुढे नेण्याचे महत्त्वाचे काम मुंबईत झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी १९९० मध्ये दाखवले, की घसरणी कोणत्या क्रमाने होऊ दिल्या याचा अंतिम स्थितीवर परिणाम होत नाही, जसा बेरजेतील आकड्यांचा क्रम बदलल्याने उत्तर बदलत नाही. या गुणधर्मामुळे एक अवघड प्रश्न नेमकेपणाने सोडवता येऊ लागला. धर यांना २०२२ मध्ये बोल्ट्झमन पदक मिळाले, हा सांख्यिकी भौतिकीतील सर्वोच्च सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि टाटा संस्थेनंतरची काही वर्षे त्यांनी पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत घालवली. महाराष्ट्रातील किती पदवीधरांना हे ठाऊक असेल, याचा विचार करून मला वाईट वाटते.

गंमत अशी, की खऱ्या वाळूने या कल्पनेला साथ दिली नाही. शिकागो येथील प्रयोगांत वाळूच्या मोठ्या घसरणी बऱ्यापैकी ठरावीक अंतराने होताना दिसल्या. मग १९९६ मध्ये नॉर्वेतील ओस्लोच्या संशोधकांनी वाळू बाजूला ठेवून तांदूळ घेतला. दोन उभ्या पारदर्शक पट्ट्यांमधील अरुंद फटीत ते दाणे अगदी सावकाश सोडत गेले आणि प्रत्येक घसरण मोजत गेले. लांब दाण्याच्या तांदळाने तो नियम पाळला. आखूड, गोलसर दाण्याच्या तांदळाने पाळला नाही, कारण गोलसर दाणा एकदा गडगडायला लागला की गतीच्या जोरावर पुढे जात राहतो. बासमती आणि आंबेमोहर यांच्यातला फरक एका जागतिक सिद्धांताची मर्यादा ठरवू शकतो, हे वाचले तेव्हा मी वर्गात जाऊन त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला होता.

हे सारे खळ्यावरचे कुतूहल म्हणून सोडून देता येणार नाही, याचे कारण आपल्या सह्याद्रीत आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि १५० हून अधिक माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ८० हून अधिक. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण मिळालेच नाहीत. दर वेळी आपण पावसाचे आकडे छापतो, आणि ते छापायलाच हवेत, परंतु पाऊस तितकाच पडलेल्या दोन उतारांपैकी एक सावकाश सरकतो आणि दुसरा काही सेकंदांत चिखलाच्या लोंढ्यासारखा खाली येतो, हे का घडते? सावकाश सरकणाऱ्या उतारावरचे गाव हलवायला वेळ मिळतो. दुसऱ्या उतारावर तो मिळत नाही.

याच्या उत्तराचा एक धागा अलिबागच्या किनाऱ्यावर कोणालाही दिसेल. ओल्या वाळूवर पाय दाबला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडते. १८८५ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे कारण सांगितले: दाट बसलेले कण सरकायचे तर त्यांना एकमेकांपासून दूर व्हावे लागते, मधली पोकळी वाढते आणि पाणी आत शोषले जाते. भुसभुशीत मातीत उलट होते. ती सरकू लागताच कण जवळ येतात, पोकळी आकसते, तिच्यातील पाण्याला जायला वाट राहत नाही, त्याचा दाब वाढतो आणि कणांना एकमेकांवर रोवून धरणारे घर्षण नाहीसे होते. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण विभागातील रिचर्ड आयव्हर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच मोजून दाखवले. माती तीच, पाणी तसेच, केवळ सुरुवातीची पोकळी थोडी कमी-अधिक, आणि तेवढ्याने कृत्रिम दरड रेंगाळत उतरली किंवा कोसळली. माळीणच्या दुर्घटनेनंतर यंत्राने केलेल्या जमीन सपाटीकरणाची बरीच चर्चा झाली. त्या एका घटनेचा निवाडा करण्याचा अधिकार भूशास्त्रज्ञांचा आहे. पण उतारावरची माती उकरून पुन्हा पसरली की ती किती भुसभुशीत राहते आणि एका पावसाळ्यात किती दबते, हे मोजण्याचे काम घाटमाथ्यावरचे एखादे महाविद्यालय ठरावीक मापाचा डबा, तराजू आणि भट्टी यांवर करू शकते, आणि गावोगावचे असे आकडे वर्षानुवर्षे नोंदले गेले तर दरडप्रवण गावांची पाहणी करणाऱ्यांना त्यांचा उपयोग होईल.

येथे एक जुनी सल सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी विषय मांडला होता: खळ्यावर ज्वारीच्या राशीचा उतार आणि बाजरीच्या राशीचा उतार सारखा का नसतो? वडिलांच्या खळ्यावर तिने कोन मोजूनही आणले होते. विषय ठरवणाऱ्या समितीने 'हा शेतकीचा विषय आहे' असे म्हणून तिला एका विद्युतमंडलाची जुनी जोडणी पुन्हा करायला लावली. मी त्या समितीत होतो आणि गप्प बसलो. त्या वेळी मला यान्सेन ठाऊक नव्हता, ओस्लोचा प्रयोग ठाऊक नव्हता. तिने विचारलेला प्रश्न जगातील नामांकित प्रयोगशाळांत त्याच सुमारास विचारला जात होता, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून माझी विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती आहे, की चौथ्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी मान्य विषयांत दाणेदार पदार्थांचा स्पष्ट उल्लेख करावा आणि भौतिकशास्त्र, भूशास्त्र व कृषी अभियांत्रिकी या शाखांच्या शिक्षकांना एकत्र मार्गदर्शन करण्याची मुभा द्यावी. आज 'हा आमचा विषय नाही' असे तिन्ही शाखा म्हणू शकतात आणि प्रश्न मधल्या बांधावर पडून राहतो. आपल्या दैनिकालाही आग्रहाचे सांगणे आहे, की अवकाशयाने आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या बातम्यांइतकीच जागा मुंबई-पुण्यात चालणाऱ्या या संशोधनाला द्यावी. ते करणारी माणसे आपल्याच शहरांत आहेत आणि विचारले तर सांगतील.

ज्या महाविद्यालयाला तांदळाच्या राशीचा प्रयोग मांडायचा असेल, त्याला तीन फूट लांबीच्या दोन काचा, त्यांच्यामध्ये एका दाण्याहून थोडे अधिक अंतर राखणाऱ्या पट्ट्या, दोन जातींचा किलोभर तांदूळ आणि संथ गतीचे चित्रण करणारा एखादा मोबाइल एवढे पुरेल. मांडणी करून द्यायला मी स्वखर्चाने येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सातारा