मावशी, मला प्रार्थना करायला शिकवलीत त्याबद्दल

प्रेझ द लॉर्ड मावशी,

हे सगळं मी समोर बसून बोलायला लागले असते तर तुम्ही पहिल्याच वाक्याला "अगं, आभार त्याचे मान" म्हणून विषय बदलला असता, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण मला माहितीये, माझ्यासारखे खूप जण आहेत ज्यांचा प्रभूवर विश्वास आहे, संडेला उपासनेलाही जातात, पण प्रार्थनेला बसलं की आतून काही येतच नाही. तुमचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही. ओळखणारे ओळखतीलच.

मी प्रार्थना सभेला यायला लागले तेव्हा सगळ्यात मागे बसायचे, आठवतंय ना तुम्हाला? बाकीचे किती छान प्रार्थना करायचे, वचनं तोंडपाठ, आवाज भरून आलेला, आणि मी डोळे मिटून नुसतं माझा नंबर येऊ नये एवढंच म्हणत असायचे. मला तेव्हा असं वाटायचं की आधी मन शांत पाहिजे, आधी राग गेला पाहिजे, आधी माणूस नम्र झाला पाहिजे आणि मग देवाजवळ जायचं. असं कुणी शिकवलं नव्हतं, पण तशीच समजूत होऊन बसली होती. हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "नम्र झाल्यावर येईन म्हणशील तर जन्मभर दाराबाहेरच राहशील. आहेस तशी ये आणि माग. मागायला लागलं की माणूस आपोआप वाकतो."

मावशी, या तीन वाक्यांनी माझ्यासाठी जे केलं ना, ते बऱ्याच मोठमोठ्या प्रवचनांनीही केलं नव्हतं.

मग तुम्ही बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय उघडून माझ्या हातात दिलात. परूशी, म्हणजे यहुदी नियमशास्त्र काटेकोर पाळणारा माणूस, आणि जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात तो येशूचा दाखला, लहानपणापासून ऐकलेला, त्यामुळे मला वाटलं यात काय नवीन असणार. पण तुम्ही म्हणालात, परूश्याची प्रार्थना परत वाच आणि त्याने देवाकडे काय मागितलं ते मला सांग. मी वाचलं, परत वाचलं. काहीच मागितलेलं नाही! तो आठवड्यातून दोनदा उपास करत होता, नियमशास्त्रात तर वर्षातून एकच दिवस, प्रायश्चित्ताचा, उपासाचा सांगितलाय, म्हणजे तो कितीतरी जास्तच करत होता, सगळ्या मिळकतीचा दशांश देत होता, आणि यातलं काही खोटं आहे असं प्रभू येशूने म्हटलेलंच नाही. माणूस खरंच तसा होता. फक्त त्याला देवाकडून काही नकोच होतं. आणि तो जकातदार, रोमी लोकांसाठी वसुली करणारा, ज्याच्या धंद्यातल्या लोकांना बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने 'ठरवून दिलंय त्याच्यापेक्षा जास्त घेऊ नका' असं सांगितलं होतं, म्हणजे काय चालायचं ते कळतंच, तो लांब उभा राहून, वर न बघता, छाती बडवत एकच ओळ बोलला, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." त्या एका ओळीत मागणं आहे. आणि नीतिमान ठरून घरी गेला तो हाच.

त्या दिवसापासून मी रोज काहीतरी मागते. मोठं काही नसलं तरी. आज बोलताना जिभेवर ताबा दे, आज अमक्याचं ऐकून घ्यायला धीर दे, असं. आधी वाटायचं देवाला एवढ्या बारीकसारीक गोष्टी काय सांगायच्या, पण आता कळतं की ज्या गोष्टी आपण सांगत नाही त्या सगळ्या आपण स्वतःच्या जोरावर करायला निघालेलो असतो.

दुसरी गोष्ट मला जास्त अवघड गेली आणि तीच इथे नीट लिहायचीये. मध्यंतरी माझ्या प्रार्थनेत 'मी काहीच नाही, मी नालायक, मी कुठल्या लायकीची नाही' हेच फार असायचं. ऐकायला एकदम नम्र वाटतं. तुम्ही कधी कुणाला प्रार्थनेवरून टोकत नाही, पण एकदा बाजूला घेऊन हळूच विचारलंत, "बाळा, यात प्रभू कुठे आला? सगळं तुझ्याबद्दलच चाललंय." मला वाईट वाटलं खरं, पण तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाहीत, योहानाच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय काढलात. तिथे येशू शिष्यांचे पाय धुतो त्याच्या आधीची ओळ मी कधी नीट वाचलीच नव्हती. तिथे लिहिलंय की पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जाणार, हे त्याला माहीत होतं, आणि मग तो जेवणावरून उठला, वरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला. म्हणजे आपण कोण आहोत हे पक्कं माहीत असलेला माणूस खाली वाकला. स्वतःला कमी समजून नाही. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या २ऱ्या अध्यायात प्रेषित पौल हेच सांगतो ना, देवाच्या स्वरूपाचा असून येशूने स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरचं मरण सोसण्यापर्यंत लीन झाला. मला वाटतं आपण चर्चमध्ये इथे खूप गोंधळ करतो, स्वतःला नावं ठेवणं म्हणजे लीनता समजतो, आणि मग ज्याला देवाने खरंच दान दिलंय तो पण ते लपवत फिरतो. हे चुकीचंच आहे, मला आता ते स्पष्ट बोलावंसं वाटतं.

आणि येशूचा शिष्य पेत्र! "माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत" म्हणणारा. मला तो नेहमी आदर दाखवतोय असं वाटायचं. तुम्ही म्हणालात, धुणं सोपं असतं गं, धुवून घेणं अवघड. दुसऱ्याला मदत करताना आपण वरच असतो, पण आपले मळके पाय कुणाच्या हातात द्यायचे म्हणजे... आणि त्या खोलीत येशूला धरून देणारा यहूदाही होता, त्याचे पायही धुतले गेले, तो बाहेर पडला ते नंतर. हे तुम्ही एकदाच बोललात आणि गप्प बसलात, मी मात्र कितीतरी दिवस तेच घोळवत होते.

पण मावशी, खरं सांगू का, वचनांपेक्षा मी तुम्हाला बघून जास्त शिकले.

तुम्ही प्रार्थनेला बसता तेव्हा आधी चष्मा काढून बाजूला ठेवता, दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवता, आणि बराच वेळ काहीच बोलत नाही. नवीन माणसाला वाटावं की विसरल्या की काय. मग हळूच "बापा" म्हणता आणि परत थांबता. ती घडी पडलेली वही, पेन्सिलने लिहिलेली नावं, काही इतक्या वेळा खोडून परत लिहिलेली की कागद पातळ झालाय. एकदा मी त्यात एका माणसाचं नाव बघितलं ज्याने तुम्हाला सगळ्यांसमोर फार टाकून बोललं होतं. मी विचारलं यांचं नाव कशाला, तर म्हणालात, "नाव घेतलं नाही तर तो माझ्या डोक्यात राहतो, नाव घेतलं की देवाच्या हातात जातो." बस, एवढंच. त्यावर प्रवचन नाही काही नाही.

आणि तो दिवस, एका मुलाला तुम्ही उशिरा आला म्हणून जरा कडक बोललात आणि नंतर कळलं की तो आजारी आजीला सांभाळून येत होता. पुढच्या सभेत सगळे बसलेले असताना तुम्ही उभं राहून त्याला म्हणालात, मी चुकले, मला माफ कर. तो मुलगा केवढासा, त्याला कुठे बघावं कळेना! मला वाटतं त्या दिवशी तिथे बसलेल्या प्रत्येकाला लीनता समजली. तुमचं वय, तुमचा मान, कुणी काही म्हटलंही नसतं, तरी तुम्ही बोललात.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधी तुम्ही मला म्हणालात, "माझ्यासाठी प्रार्थना कर, मला भीती वाटतेय." मला! जिला चार वाक्यं धड जोडता येत नव्हती. पाळक होते, एवढी मोठी मोठी माणसं होती. मी तुमचा हात धरून कशीबशी बोलले, मधेच अडकले, आणि तुम्ही मोठ्याने आमेन म्हणालात. त्यानंतर मला कधी सगळ्यांसमोर प्रार्थना करायची भीती वाटली नाही. तुम्हाला खरंच भीती वाटत होती हे मला माहितीये, मला शिकवायचं म्हणून तुम्ही नाटक केलेलं नव्हतं, आणि म्हणूनच ते माझ्यापर्यंत पोचलं.

बाबा आजारी होते तेव्हाचं पण लिहायला पाहिजे. आम्ही सगळ्यांनी किती प्रार्थना केली, उपास केले, आणि बाबा गेले. तेव्हा बरेच जण येऊन काय काय समजावून गेले, त्यांचा हेतू चांगलाच होता, पण तुम्ही आलात आणि काहीच समजावलं नाहीत. मी विचारलं, देवाने ऐकलं नाही का, तर म्हणालात मला माहीत नाही बाळा. मग बऱ्याच वेळाने पौलाचं सांगितलंत, करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या १२व्या अध्यायातलं, त्याने देहातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली, पौलाने, आणि काटा गेला नाही, उत्तर आलं ते "माझी कृपा तुला पुरे आहे." आणि गेथशेमाने बागेत, मरणाच्या आदल्या रात्री, तर खुद्द देवाच्या पुत्रानेच, येशूनेच, मागितलं होतं की हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि शेवटी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे म्हणाला. मला तेव्हा तसं म्हणता येत नव्हतं. तुम्ही जबरदस्ती केली नाहीत. नुसतं १३१वं स्तोत्र वाचलंत, तीनच वचनांचं, दूध तुटलेलं बाळ आईपाशी असतं तसा माझा जीव आहे. असं बाळ आईकडे दुधासाठी येत नाही, आई आहे म्हणून येतं. आणि म्हणालात, शब्द नसतील तर नसू देत, रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या ८व्या अध्यायात आहे की आपण कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो. मी त्या काळात खरंच फक्त बसून राहायचे, काही न बोलता. आज मागे बघते तर देवाच्या इतक्या जवळ मी त्याआधी कधी नव्हते, आणि हे मी बाबांच्या जाण्याला काहीतरी चांगलं नाव द्यायचं म्हणून म्हणत नाहीये, बाबांची आठवण रोज येते.

तुमच्यामुळे वाचायची पण सवय लागली. ऑर्थोडॉक्स चर्चमधले लोक शेकडो वर्षं एक छोटी प्रार्थना परत परत म्हणत आलेत, "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर", ती त्या जकातदाराच्या ओळीवरूनच आलीये आणि यरीहोच्या वाटेवर ओरडणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाच्या हाकेवरूनही. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला, आता प्रवासात, कामाच्या मधे, झोप येत नाही तेव्हा मी तेच म्हणते. आणि संत ऑगस्टीनने ४१०च्या सुमाराला दियोस्कोरस नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याला पत्र लिहिलं होतं, त्यात तो म्हणतो, सत्याकडे जायची वाट कोणती विचारशील तर पहिली नम्रता, दुसरी नम्रता, तिसरीही नम्रता, आणि कितीदाही विचारलंस तरी मी हेच सांगेन. तो मुलगा त्याला तत्त्वज्ञानातले प्रश्न विचारत होता, सगळ्यांसमोर आपलं अडाणीपण दिसू नये म्हणून! वाचताना मला तुम्हीच समोर दिसलात, तुम्ही पण असंच उत्तर दिलं असतं, फक्त दोन शब्द कमी वापरून.

तर मावशी, मनापासून थँक्यू. तुम्ही वेळ दिलात, माझ्या रडण्याला कंटाळला नाहीत, मला घाई केली नाहीत, आणि स्वतःला कधी माझ्या आणि प्रभूच्या मधे येऊ दिलं नाहीत, मी प्रत्येक गोष्टीला तुमच्याकडे धावत यायला लागले तेव्हा तुम्हीच म्हणालात की आधी त्याला विचारून ये.

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी रोज प्रार्थना करतेय, तारीख ठरली की कळवा, मी येईन सोबत. आणि माझी एक विनंती आहे, भावाशी खूप दिवस बोलणं बंद आहे ते तुम्हाला माहितीये. या आठवड्यात मीच फोन करणार आहे, तो उचलेल की नाही माहीत नाही, उचलला तर माझ्या तोंडून पहिलं वाक्य नीट निघू दे एवढंच मागतेय. त्याचं नाव वहीत लिहा, आणि त्याच्याखाली माझंही.

तुमची प्रभूमधली मुलगी