आरती पाठ, निरांजनाचं भान नाही

महोदय,

स्मृतिभ्रंशावरच्या कौटुंबिक चित्रपटात एक प्रसंग हमखास असतो. पोटच्या मुलांना न ओळखणारे आजोबा आरती सुरू झाली की 'सुखकर्ता'पासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत सगळं बिनचूक म्हणतात. हे खोटं नाही. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात आधी बिघडतो तो मेंदूतला नव्या आठवणी साठवणारा भाग, हिप्पोकॅम्पस; लहानपणापासून चालीवर घोटलेलं पाठांतर बरंच उशिरापर्यंत टिकतं. पण ते ऐकून 'बाबांना सगळं कळतं, मुद्दाम करतात' असा अर्थ घरात निघतो आणि वादाला तोंड फुटतं.

या पाठांतराचा उपयोग करायचा तर वेळ साधावी. दिवेलागणीला अस्वस्थता वाढते, 'मला घरी जायचंय' सुरू होतं. त्याच्या अर्धा तास आधी सगळे दिवे लावा, टीव्ही बंद करा आणि त्यांच्या सवयीच्या चालीत हरिपाठ किंवा रामरक्षा धरा. ओळ चुकली तर टोकू नका.

देवघर मात्र बदलावंच लागतं. निरांजनाच्या जागी विजेवरची समई. काडेपेटी आणि कापूर कुलपात. खडीसाखर समजून कापराची वडी तोंडात गेली तर झटके येऊ शकतात. वास कळेनासा होतो, म्हणून गॅसचा रेग्युलेटर काम झालं की बंद. मधुमेही आजींना एकादशीला नेहमीचीच गोळी दिली तर साखर घसरू शकते. त्यातून येणारी गुंगी 'आजार वाढला' म्हणून सोडून दिली जाते. उपवासाचा डोस डॉक्टरांना आधी विचारावा.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात गाडीत बसवून ठेवलेले संस्कृतचे पंडित (डॉ. मोहन आगाशे) हत्तीमागे निघून जातात. प्रत्यक्षातही माणूस हरवायला एवढाच वेळ लागतो. फक्त तिथे, चित्रपटात त्यांना सांभाळणारी माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) भेटते तशी कुणी भेटेलच असं नाही. खिशातली चिठ्ठी रुग्ण फेकून देतात. त्यापेक्षा फोन नंबरची कापडी पट्टी सदऱ्याला आतून शिवा. देवदर्शनाला निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढा. माणूस दिसेनासा झाला की लगेच ११२ लावा; चोवीस तास थांबायचा नियम नाही.

नवस, अनुष्ठान जरूर करा. त्याआधी रक्तातलं बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. तिथल्या बिघाडानंही विसराळूपण येतं, आणि ते औषधानं सुधारू शकतं.

– स्मृतिभ्रंश रुग्णांची शुश्रूषा करणारे काही जण, पुणे